पाठलागानंतरची सिगारेट

बेड्या पडल्या की पाठलाग संपतो, पण मालिकेचा भाग संपत नाही. मघाशी ज्याच्यावर आरडाओरडा चालला होता त्यालाच गाडीत बसवून सिगारेट दिली जाते, पोराबाळांचा विषय निघतो, आरोपी रडतो. हवाईत चित्रित झालेल्या 'डॉग द बाउंटी हंटर' (२००४ ते २०१२) या अमेरिकी मालिकेची खरी पकड या गाडीतल्या प्रसंगात होती.

हे बाउंटी हंटर, म्हणजे जामिनावर सुटून पळालेल्यांना पैशासाठी पकडून आणणारे लोक, पोलीस नव्हेत. अमेरिकेत २०,००० डॉलरचा जामीन ठरला, तर आरोपीचे घरचे जामीन कंपनीला साधारण १० टक्के, म्हणजे २,००० डॉलर देतात. ते परत मिळत नाहीत. आरोपी तारखेला आला नाही आणि मुदतीत सापडलाही नाही, तर पूर्ण २०,००० कंपनीच्या बोकांडी बसतात. म्हणून माणूस शोधायला माणूस. १८७२च्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जामीनदाराला फरारी आरोपीचा दुसऱ्या राज्यात पाठलाग करण्याची, गरज पडली तर त्याच्या घरात घुसण्याचीही मुभा मान्य केली. (इलिनॉय, केंटकी, ऑरेगन आणि विस्कॉन्सिन या राज्यांत मात्र हा धंदा बंद आहे. आपल्याकडे नातलग किंवा ओळखीचा जामीन राहतो, त्यामुळे हे सगळं विचित्र वाटतं.) मुदत, पैसा आणि पळणारा माणूस: लेखकाला काही रचावंच लागत नाही.

शब्द मोडणाऱ्याला शिक्षा झालेली आपल्याला आवडते, ती पदरमोड करूनही. अर्थतज्ज्ञ एर्न्स्ट फेर आणि सिमॉन गेख्टर यांच्या २००२च्या प्रयोगात चौघांच्या गटात प्रत्येकाला २० नाणी मिळत. सामायिक गल्ल्यात टाकलेल्या प्रत्येक नाण्यामागे चौघांनाही ०.४ नाणं परत येई, म्हणजे न टाकणारा फुकटात खाई. आपलं १ नाणं खर्चून अशा फुकट्याची ३ नाणी कापता येत. पुढच्या डावात गटातले लोक बदलणार, म्हणजे स्वतःचा फायदा शून्य, हे ठाऊक असूनही लोकांनी ती कापली.

मग सिगारेटच्या वेळी आपले डोळे का भरतात? मानसशास्त्राचे अभ्यासक डॉल्फ झिलमन यांचं उत्तर असं, की विचार झटकन बदलतात, पण वाढलेले ठोके सावकाश उतरतात. उरलेली उत्तेजना पुढच्या भावनेच्या खात्यावर जमा होते. १९७५च्या एका प्रयोगात सायकल मारून झालेल्या पुरुषांना कामुक चित्रपट दाखवला. लगेच दाखवला तर परिणाम नाही, कारण धडधड सायकलमुळे आहे हे त्यांना कळत होतं. फार उशिरा दाखवला तरी नाही, धडधडच उरली नव्हती. मधल्या वेळेत, म्हणजे अंग तापलेलं पण कारण विसरलेलं असताना, चित्रपट जास्त उत्तेजक वाटला.

संकलकाला हीच मधली फट साधायची असते. बेड्यांनंतर लांबलचक जाहिराती आल्या, तर प्रेक्षक गाडीत परततो तो थंड होऊनच. समोरचा रडतोय तो तसाच, पण आता ते रडणं कंटाळवाणं वाटतं.