फायदा सगळ्यांना थोडाथोडा, तोटा एकाच गावाला

मुक्त व्यापारावर वाद सुरू झाला की लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो जगातली गरिबी व्यापारामुळेच हटली, दुसरा म्हणतो आमच्या भागातले कारखाने याच व्यापाराने बंद पाडले, आणि खरं सांगायचं तर दोघांचेही आकडे बरोबर असतात. फक्त एक जण अख्ख्या देशाचा हिशोब मांडत असतो आणि दुसरा एका जिल्ह्याचा. गेल्या दहा-पंधरा वर्षांत अर्थशास्त्रात यावर फार महत्त्वाचं संशोधन झालंय पण ते सामान्य वाचकापर्यंत नीट पोचलेलं नाही असं मला वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवात डेव्हिड रिकार्डोपासूनच करायला लागेल. या इंग्लिश अर्थशास्त्रज्ञाने १८१७ साली एक उदाहरण दिलं जे आजही प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतं. समजा ठराविक कापड बनवायला इंग्लंडमध्ये १०० माणसं वर्षभर राबतात आणि ठराविक वाइन बनवायला १२०, पोर्तुगालमध्ये तेच कापड ९० माणसांत होतं आणि वाइन ८० माणसांत. म्हणजे पोर्तुगाल दोन्हीत सरस. मग पोर्तुगालने इंग्लंडकडून काही का घ्यावं? रिकार्डो म्हणतो तरीही घ्यावं, कारण पोर्तुगालने फक्त वाइन केली, दुप्पट, तर १६० माणसं लागतात, दोन्ही स्वतः केलं तर १७०. इंग्लंडने फक्त कापड केलं तर २०० लागतात, दोन्ही केलं तर २२०. अदलाबदल केली की दोघांकडे माल तेवढाच राहतो आणि तरी एकाची १० माणसं वाचली, दुसऱ्याची २०. ज्याला दोन्ही कामं कमी जमतात त्याचाही फायदा होतो हे पहिल्यांदा वाचताना पटत नाही, पण गणित पक्कं आहे, त्यात खोट काढता येत नाही.

मात्र या गणितात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. इंग्लंडमधली वाइन बनवणारी १२० माणसं दुसऱ्या दिवशी सकाळी कापडाच्या मागावर बसलेली असतात, ती कुठे राहतात, त्यांना विणकाम येतं का, मागाचा कारखाना त्यांच्या गावापासून किती लांब आहे, हे काहीच विचारलेलं नाही. देशाच्या आत माणूस आणि पैसा आपोआप योग्य जागी सरकतो असं धरून चाललंय. पुढे १९४१ मध्ये वुल्फगँग स्टोल्पर आणि पॉल सॅम्युएलसन यांनी दाखवून दिलं की व्यापार खुला झाल्यावर देशातल्या एखाद्या मोठ्या गटाची खरी कमाई कायमची घटू शकते, देश एकूण श्रीमंत झाला तरीही. त्यावर उत्तर असं दिलं जायचं की जिंकणाऱ्यांचा फायदा हरणाऱ्यांच्या तोट्यापेक्षा मोठा आहे, त्यामुळे भरपाई देऊन सगळ्यांनाच सुखी करता येईल. देता येईल, हे बरोबरच आहे. पण प्रत्यक्षात ती दिली का, हा प्रश्न बऱ्याच वेळा विचारलाच गेला नाही आणि माझ्या मते सगळं घोडं तिथेच अडलंय.

बरं, हे सगळं बरीच वर्षं तसं सौम्यपणे चाललं होतं कारण माल लांब नेणं महाग पडायचं. २६ एप्रिल १९५६ रोजी आयडियल एक्स नावाचं जहाज ५८ कंटेनर घेऊन अमेरिकेतल्या नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. तोपर्यंत बंदरात सुटा माल चढवायचा खर्च टनाला सुमारे ६ डॉलर यायचा, या जहाजावर तो १६ सेंटच्या आसपास आला! एवढी स्वस्ताई झाल्यावर कारखाना गिऱ्हाइकाजवळच असायला हवा ही अटच राहिली नाही. शर्टाचं कापड एका देशात, शिवण दुसऱ्या देशात, बटण तिसरीकडून, असं करणं परवडायला लागलं. त्यात १९४७ च्या गॅट करारापासून (आयात कर कमी करण्यासाठी अनेक देशांनी मिळून केलेला करार) आयात कर टप्प्याटप्प्याने खाली येतच होते, १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली आणि डिसेंबर २००१ मध्ये चीन तिचा सदस्य झाला.

१९९१ मध्ये जगातल्या कारखानी मालाच्या निर्यातीत चीनचा वाटा साधारण २ टक्के होता, २०१३ पर्यंत तो जवळपास १९ टक्के झाला. चीनच्या आत याचा परिणाम प्रचंड झाला. गेल्या चाळीसेक वर्षांत तिथले सुमारे ८० कोटी लोक अत्यंत गरिबीतून बाहेर आले असा जागतिक बँकेचा अंदाज आहे. सगळं श्रेय निर्यातीचं नाही, शेतीतल्या सुधारणांचा त्यात मोठा हात आहे, पण निर्यातीच्या कारखान्यांशिवाय हे इतकं वेगाने झालं नसतं. जागतिकीकरणावर टीका करताना हा आकडा बाजूला ठेवणं मला अजिबात योग्य वाटत नाही.

आता दुसरी बाजू. डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन या तीन अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये एक पेपर लिहिला, त्यात त्यांनी अमेरिका हा एकच देश न धरता त्याचे ७२२ तुकडे केले. एक तुकडा म्हणजे जिथून लोक रोज कामावर ये-जा करतात एवढा परिसर. मग प्रत्येक तुकड्यात आधीपासून कुठले उद्योग होते आणि त्याच वस्तू चीनमधून किती वाढल्या हे जुळवून पाहिलं. फर्निचर, बूट, खेळणी, कपडे बनवणारे भाग एकदम उघडे पडले, आणि हे उद्योग देशभर सारखे पसरलेले नव्हतेच, ठराविक छोट्या शहरांत एकवटलेले होते. १९९० ते २००७ या काळात अमेरिकेतले कारखान्यांतले जे रोजगार घटले त्यातली साधारण एक चतुर्थांश घट चिनी आयातीमुळे झाली असं त्यांना आढळलं. आणखी एका अभ्यासात १९९९ ते २०११ दरम्यान, पुरवठादार आणि आसपासचे उद्योग धरून, २० ते २४ लाख नोकऱ्या गेल्याचा अंदाज निघाला. देश मोठा आहे, तिथे दर महिन्याला लाखो लोक नोकऱ्या बदलतात, त्यामुळे एकूण आकड्यात हे फार मोठं दिसत नाही. पण त्या ठराविक परिसरात जाऊन बघितलं तर चित्र एकदम वेगळं.

खरा धक्का पुढचा आहे. नोकरी गेली की लोक दुसरीकडे जातील असं पुस्तक सांगतं, तर लोक गेलेच नाहीत. फटका बसलेल्या भागांतली लोकसंख्या जवळपास तेवढीच राहिली. उलट अपंगत्वाची पेन्शन आणि इतर सरकारी मदत घेणाऱ्यांची संख्या वाढली, कारखान्याबाहेरच्या कामांचे पगारही घसरले, आणि याच तिघांच्या नंतरच्या अभ्यासात तर तरुणांची लग्नं कमी झाल्याचंही दिसलं.

का गेले नसतील लोक? याचा नीट विचार केला तर हळूहळू लक्षात येतं. कारखाना बंद पडतो तेव्हा फक्त कामगाराचा पगार थांबत नाही, तो पगार जिथे खर्च व्हायचा तिथलंही उत्पन्न थांबतं, दुकानदार, न्हावी, रिपेअरवाला, शिकवणी घेणारे, सगळेच. एन्रिको मोरेत्ती या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकी शहरांचा हिशोब मांडलाय, कारखान्यातली एक नोकरी वाढली की त्याच शहरात अशी स्थानिक कामं साधारण दीड ते पावणेदोन वाढतात. हेच उलट फिरलं की काय होत असेल याचा अंदाज येतो. मग परिसरातली मागणी आटते, घरांच्या किमती पडतात, आणि ज्या माणसाने आयुष्याची बचत घरात घातलीय त्याला ते घर विकून जिथे नोकऱ्या आहेत तिथे घर घेणं शक्यच होत नाही, कारण तिथल्या किमती नेमक्या वाढलेल्या असतात. घरांच्या किमती पडल्या की स्थानिक संस्थेचा कर कमी, कर कमी झाला की शाळा आणि रस्ते खराब, आणि मग नवा उद्योग तिथे यायला तयार होत नाही. वयाच्या पन्नाशीत वीस वर्षांचं फर्निचरचं कसब दुसरीकडे कुणाला नको असतं, म्हातारे आई-वडील तिथेच, मुलं सांभाळायला नातेवाईक तिथेच. अशा माणसाने दूर न जाणं यात आळस कुठे आला?

हे फक्त अमेरिकेचं म्हणावं तर ब्राझीलचं उदाहरण जास्तच बोलकं आहे. तिथे १९९० नंतर आयात कर झपाट्याने कमी केले. राफाएल दिश-कार्नेरो आणि ब्रायन कोवाक यांनी त्यानंतरच्या वीस वर्षांचा माग काढला. अपेक्षा अशी की सुरुवातीला फटका बसेल आणि हळूहळू भरून निघेल. निघालं भलतंच, जास्त फटका बसलेल्या आणि कमी फटका बसलेल्या भागांच्या कमाईतला वीस वर्षांनंतरचा फरक दहा वर्षांनंतरच्या फरकाच्या तिप्पट झालेला! त्यांचं स्पष्टीकरण मला पटतं. कामगार तर हलत नाहीतच, पण भांडवल निघून जातं, फक्त सावकाश. मशीन झिजतं आणि मालक नवं मशीन त्या भागात न घेता दुसरीकडे घेतो. हे वर्षानुवर्षं चालत राहतं आणि भाग आतून पोकळ होत जातो.

भारतातल्या १९९१ च्या आयात कर कपातीवर पेतिया तोपालोव्हा यांनी असंच जिल्हावार काम केलंय. देशभरात गरिबी घटत होती, पण ज्या ग्रामीण जिल्ह्यांतल्या उद्योगांचं आयात कराचं संरक्षण जास्त निघालं तिथे ती कमी वेगाने घटली, आणि इथेही लोक जिल्हा सोडून फारसे गेले नाहीत. जर्मनीत मात्र वेगळं झालं, चीन आणि पूर्व युरोपबरोबरच्या व्यापारात एकूण रोजगार गेले त्यापेक्षा जास्त टिकले, कारण त्या देशांना गाड्या आणि मशिनरी हवी होती आणि जर्मनी तेच बनवत होता. तरी तिथेही कापडासारख्या उद्योगांवर उभ्या असलेल्या भागांनी मार खाल्लाच.

मग आयात कर लावून सगळं परत आणता येईल का? २०१८ मध्ये अमेरिकेने बाहेरून येणाऱ्या वॉशिंग मशीनवर जादा कर लावला. मशीनच्या किमती साधारण १२ टक्क्यांनी वाढल्या, त्याबरोबर कपडे वाळवायच्या ड्रायरच्याही तेवढ्याच वाढल्या, ड्रायरवर कर नसतानाही, कारण लोक दोन्हींची जोडी घेतात. साधारण १,८०० नोकऱ्या तयार झाल्या आणि एकेका नोकरीमागे ग्राहकांनी वर्षाला सुमारे ८ लाख १५ हजार डॉलर जास्त मोजले. एवढ्या पैशात त्या १,८०० जणांना घरबसल्या उत्तम पगार देऊन बराच पैसा उरला असता. शिवाय स्वस्त मालाचा फायदा गरिबालाच जास्त होतो, कारण त्याच्या खर्चात वस्तूंचा भाग मोठा असतो आणि सेवांचा लहान. पाब्लो फाखेलबाउम आणि अमित खंडेलवाल यांच्या गणितानुसार व्यापार पूर्ण बंद झाला तर ४० देशांच्या सरासरीत गरिबांची खरी कमाई ६३ टक्क्यांनी बुडेल, श्रीमंतांची २८ टक्क्यांनी. हे मॉडेलमधले आकडे आहेत, पण दिशा स्पष्ट आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की व्यापार उघडताना भरपाईची तरतूद त्याच करारात, त्याच दिवशी आणि जागा बघून व्हायला हवी. अमेरिकेत १९६२ पासून व्यापारामुळे नोकरी गेलेल्यांसाठी योजना होती, प्रशिक्षण आणि भत्ता देणारी, पण फटका बसलेल्या भागांत तिच्यातून मिळालेला पैसा अपंगत्वाच्या पेन्शनपुढे अगदीच किरकोळ होता. २०२२ मध्ये तिची मुदत संपली आणि नव्या अर्जांवरचा निर्णय थांबला.

ऑटर आणि मंडळींनी अलीकडे याच भागांकडे पुन्हा पाहिलंय, यावेळी जागा आणि माणसं वेगवेगळी मोजून. २०१० नंतर फटका बसलेल्या बऱ्याच ठिकाणी रोजगार परत वाढला, २०१९ पर्यंत तर आधीपेक्षा जास्त झाला. पण ती कामं मुख्यतः कमी पगाराच्या सेवांची होती आणि ती मिळाली नव्याने कामाला लागलेल्या तरुणांना, परदेशांतून आलेल्यांना. कारखान्यात आधी असलेले बहुतेक लोक त्याच गावात राहिले, आणि त्यांची कमाई काही भरून निघाली नाही. जिल्ह्याच्या आकड्यात मात्र तो जिल्हा आता सावरलेला दिसतो.