चढाईचे तीस सेकंद आणि कालचं जेवण

कबड्डीतली चढाई ३० सेकंदांची. मध्यरेषा ओलांडण्याआधी चढाईपटू छातीभर श्वास घेतो आणि आपल्या अंगणात परत येईपर्यंत त्याला नवा श्वास घेता येत नाही. 'कबड्डी कबड्डी' म्हणत तो आहे तीच हवा पुरवून पुरवून सोडत असतो. आणि नेमक्या याच वेळात त्याला सगळ्यात जास्त ताकद लावायची असते: बोनस रेषेकडे झेप, लगेच मागे उसळी, कुणी घोटा धरलाच तर तीन-चार गड्यांना ओढत नेऊन मध्यरेषेला बोटं टेकवणं. श्वास बंद असताना एवढी ताकद येते कुठून?

शाळेत पचनसंस्था एका धड्यात असते, श्वसनसंस्था दुसऱ्या आणि रक्ताभिसरण तिसऱ्या. परीक्षेला ते सोयीचं पडतं, पण अन्न आणि ऑक्सिजन यांची गाठ नेमकी कुठे पडते, हे विचारायचं राहूनच जातं. मला तर तोच या विषयाचा गाभा वाटतो. ही गाठ पोटात पडत नाही आणि फुप्फुसातही नाही. ती पडते प्रत्येक पेशीच्या आत.

मांडीचा स्नायू आकसतो तेव्हा तो थेट साखर वापरत नाही. त्याला लागतो एटीपी नावाचा रेणू. त्याच्या टोकाचा फॉस्फेट सुटला की ऊर्जा मिळते. तो पुन्हा जोडला की रेणू परत कामाला तयार. अख्ख्या शरीरात एका वेळी फार तर शंभरेक ग्रॅम एटीपी असतो, पण तो इतक्या वेळा मोडतो आणि जोडला जातो, की दिवसभराची बेरीज जवळजवळ आपल्या वजनाइतकी होते. पूर्ण जोर लावला तर स्नायूतला तयार एटीपी दोन-तीन सेकंदांत संपेल.

तो संपू देत नाही फॉस्फोक्रिएटिन. हा रेणू आपला फॉस्फेट देऊन एटीपी जागच्या जागी पुन्हा उभा करतो आणि पहिली आठ-दहा सेकंदं निभावून नेतो. त्याच्या शोधात आपल्याकडच्या माणसाचा हात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आंध्रातल्या भीमावरमला १८९५ साली जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्यासोबत १९२७ साली हा रेणू जगापुढे मांडला. एटीपी स्नायूतून वेगळा करणाऱ्या पहिल्या संशोधकांतही ही जोडी होती. सुब्बारावांचं नाव शालेय पुस्तकात ठळक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

त्याच वेळी दुसरी सोयही सुरू झालेली असते. स्नायूत साठवलेल्या ग्लायकोजेनमधून (म्हणजे ग्लुकोजच्या साठवणीच्या रूपातून) ग्लुकोज सुटतं आणि ऑक्सिजनशिवायच त्याचे दोन तुकडे होतात. हे काम झटपट होतं, पण हाती फार थोडं लागतं: ग्लुकोजच्या एका रेणूमागे निव्वळ दोन-तीन एटीपी. सोबत त्या तुकड्यांपासून बनणारं लॅक्टेट साचू लागतं. दुसऱ्या दिवशी अंग दुखतं ते या लॅक्टेटमुळे, असं मैदानावर अजूनही सांगतात. ते खरं नाही. लॅक्टेट तासाभरात निघून जातं. काही हृदय इंधन म्हणून वापरतं, काही यकृतात जाऊन पुन्हा ग्लुकोज होतं. दुखतं ते स्नायूंच्या धाग्यांना झालेल्या बारीक इजांमुळे.

चढाई संपली की गडी कमरेवर हात ठेवून धापा टाकतो. श्वास घ्यायची ती अनावर ओढ मुख्यतः ऑक्सिजन कमी पडल्यामुळे नसते. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्याचं मेंदूला कळलेलं असतं. आत आलेल्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, शांत बसलेल्या माणसाने सोडलेल्या हवेत सुमारे १६ टक्के. मधला वाटा फुप्फुसांतल्या कोट्यवधी वायुकोशांच्या, म्हणजे हवेच्या इवल्या पिशव्यांच्या, भिंतींतून रक्तात जातो. या भिंती केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही पातळ असतात. पुढे तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिन तो वाहून नेतं. गंमत म्हणजे या तांबड्या पेशी वाहतात ऑक्सिजन, पण स्वतः तो वापरत नाहीत, कारण त्यांच्यात मायटोकॉन्ड्रियाच, म्हणजे पेशीतले ऊर्जा तयार करणारे इवले कारखानेच, नसतात.

आणि खरा व्यवहार तर मायटोकॉन्ड्रियात होतो. ग्लुकोजच्या तुकड्यांतला कार्बन तिथे कार्बन डायऑक्साइड होऊन सुटतो आणि त्यातले इलेक्ट्रॉन आतल्या पडद्यावरच्या प्रथिनांच्या साखळीतून पुढे सरकतात. ते सरकताना हायड्रोजनचे आयन (विद्युतभार असलेले कण) पडद्याच्या एका बाजूला लोटले जातात. कोयनेचं पाणी धरणामागे तुंबावं तसे ते तिथे तुंबतात आणि वाट मिळेल तिथून परत येताना एक चक्र खरोखर फिरवतात. ते फिरतं सेकंदाला शंभराहून जास्त वेळा आणि त्यातून एटीपी तयार होतो. ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ पीटर मिशेल यांनी १९६१ साली ही कल्पना मांडली तेव्हा ती सहजासहजी कुणाला पटली नाही. १९७८ साली त्यांना नोबेल मिळालं. या वाटेने ग्लुकोजच्या एका रेणूमागे तीसएक एटीपी मिळतात.

यात ऑक्सिजनचं काम अगदी शेवटचं आहे. साखळीच्या टोकाला आलेले इलेक्ट्रॉन तो घेतो आणि त्याचं पाणी होतं, बस. पण घेणारा नसेल तर मागची सगळी साखळी अडते. सायनाइड नेमकं हेच करतं: रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पण पेशीला तो वापरता येत नाही.

राहिलं अन्न. भाकरीचा घास नीट चावत राहिलं तर तो तोंडातच गोडसर लागू लागतो, कारण लाळेने पिठातला स्टार्च फोडायला सुरुवात केलेली असते. बाकीचं काम लहान आतड्यात स्वादुपिंडाच्या रसाने होतं. तिथून ग्लुकोज यकृतात आणि मग सगळीकडे. स्नायूंत त्याचं ग्लायकोजेन होऊन साठायला कित्येक तास लागतात, म्हणून आजची चढाई बरीचशी कालच्या जेवणावर चालते. मांडीतलं ग्लायकोजेन मांडीच वापरते, ते रक्तात परत येत नाही. मेंदूला रात्रभर पुरवठा करतं ते यकृतातलं.

खाल्लेलं बाहेर कुठून पडतं, याचं उत्तरही अनेकांना चकित करतं. दहा किलो चरबी पूर्ण वापरली गेली, तर सुमारे ८.४ किलो वजन कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जातं आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. मात्र बसल्या जागी भराभर श्वास सोडून वजन उतरत नाही, नुसती चक्कर येते. स्नायूंनी काम केलं तरच तो जादा कार्बन डायऑक्साइड तयार होतो.