जुन्या ओम्नी व्हॅनचे सस्पेन्शन बुश घरी बदलणं

सस्पेन्शन बुश म्हणजे चाकाला धरून ठेवणारे लोखंडी भाग जिथे बॉडीला जोडलेले असतात त्या सांध्यात बसवलेलं रबर. आर्मच्या, म्हणजे चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या लोखंडी दांड्याच्या, बुशात साधारणपणे आत एक लोखंडी नळी, बाहेर एक नळी आणि मधे दोन्हींना पक्कं चिकटवलेलं रबर असतं. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये दाबली जाते आणि जागची हलत नाही, बाहेरची नळी आर्मबरोबर फिरते, आणि दोघींमधला फरक रबर पीळ खाऊन झेलतं. म्हणजे इथे काहीही घासत नाही, सरकत नाही, म्हणून ग्रीसही लागत नाही. बुश बदलायला घेण्याआधी एवढं डोक्यात पक्कं हवं, कारण घरच्या कामात नवे बुश लवकर फाटतात ते बहुतेक वेळा हेच न कळल्यामुळे.

मारुतीने व्हॅन १९८४ मध्ये आणली, १९८८ मध्ये तिचं नाव ओम्नी झालं आणि २०१९ मध्ये उत्पादन थांबलं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली, ताकद मागच्या चाकांना, पुढे मॅक्फर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) आणि लोअर आर्म, म्हणजे खालचा आर्म, मागे सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंग. शाळेची मुलं, दुधाचे कॅन, मंडपाचं सामान, सगळं या गाडीने वाहिलंय आणि गावोगावी अजून वाहतेय, त्यामुळे बुश गेलेली ओम्नी काही शोधावी लागत नाही. पण गाडीची रचना इतकी साधी आणि उघडी आहे की थोडी हत्यारं आणि धीर असेल तर हे काम घरच्या अंगणात नक्की होतं.

बुश गेले की खड्ड्यातून किंवा स्पीडब्रेकरवरून जाताना खालून ठक ठक येतं, ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावर स्टीअरिंग सारखं सावरावं लागतं आणि पुढचे टायर एका कडेने खाल्ले जातात. मात्र बॉल जॉइंट (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोळीचा सांधा) गेला तरी जवळपास हेच होतं, म्हणून अंदाजाने पार्ट आणू नयेत. आर्म आणि ब्रॅकेटच्या मधे टॉमी (लोखंडी दांडा) घालून हळूच उचकटून बघायचं, नळी जर रबराला सोडून वेगळीच हलताना दिसली तर बुश संपलाय. नुसत्या वरवरच्या बारीक भेगा म्हातारपणाच्या असतात, तेवढ्यासाठी लगेच बदलायची घाई नको. रबर फुगून मऊ झालं असेल तर कुठून तरी ऑइल गळतंय, ते आधी बंद करा, नाहीतर नवा बुशही तसाच जाईल.

गाडी सपाट, टणक जमिनीवर हवी. चाकांचे नट पहिल्यांदा चाकं जमिनीवर असतानाच सैल करायचे, जोर लावताना गाडी जॅकवर नको. मग उरलेल्या चाकांना पुढून-मागून ओट (दगड किंवा लाकडी ठोकळे) लावा, गाडी उचला आणि जॅक स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, विटांच्या चवडीवर तर अजिबातच नाही, वीट फुटते तेव्हा आधी सांगत नाही. हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच आहे.

पुढच्या बाजूला आर्मचा आतला बोल्ट, बॉल जॉइंट आणि आर्मला जोडलेला आडवा रॉड सुटा केला की आर्म हातात येतो. स्प्रिंग स्ट्रटमध्येच अडकलेली असते त्यामुळे आर्म काढताना ती उसळत नाही, पण स्ट्रटच्या वरचा मधला नट मात्र उघडायचा नाही, सगळी स्प्रिंग त्याच नटने दाबून धरलेली असते. कोकणातल्या किंवा बरीच वर्षं पावसात उभ्या राहिलेल्या गाडीत बोल्ट आतल्या नळीत गंजून एकजीव झालेला असतो, नट निघतो पण बोल्ट सरकत नाही. आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं, तरीही नाही निघाला तर बुशच्या दोन्ही बाजूंनी हॅकसॉने कापावा. बुश तसाही टाकायचाच असतो आणि बोल्ट नवा मिळतो, हातोडीने ठोकून ब्रॅकेट वाकवला तर मात्र खर्च वाढतो. रबर जाळून काढायची पद्धत गॅरेजात दिसते पण गाडीला गॅसची टाकी असेल, किंवा पेट्रोलची असेल तरीही, गाडीजवळ आग नको, शिवाय धूर फार घाणेरडा असतो.

जुना बुश काढायला बेंच व्हाइस आणि दोन सॉकेट पुरतात. एक सॉकेट बुशच्या बाहेरच्या नळीपेक्षा जरासं लहान, ते ढकलायला, आणि दुसरं मोठं, ज्यात बुश बाहेर येऊन मावेल असं. व्हाइस नसेल तर जाड हाय टेन्साइल बोल्ट, वॉशर आणि नळीचा तुकडा घेऊन तेच काम ओढून करता येतं. नवा घालताना दाब फक्त बाहेरच्या नळीच्या कडेवर यायला हवा, मधल्या नळीवर दिला तर रबर बसवतानाच सुटतं. जुना बुश कुठल्या दिशेने आणि किती आत होता त्याची काढण्याआधीच खूण करून ठेवा, दोन्ही बाजूंचे आर्म एकदम सोडू नका, म्हणजे बघायला एक शाबूत राहतो. जमत नसेल तर आर्म घेऊन लेथवाल्याकडे जावं, प्रेसवर त्याचं काम पटकन होतं.

मागे पाट्याच्या वळलेल्या गोल टोकांत आणि शॅकलमध्ये (पाट्याचं एक टोक बॉडीला जोडणाऱ्या हलत्या कडीत) बुश असतात. इथे बॉडी स्टँडवर आणि अ‍ॅक्सलखाली वेगळा जॅक हवा, कारण बोल्ट काढला की पाटा हलतो, जॅक वर-खाली करत त्याच्यावरचा ताण गेला की बोल्ट बोटाने निघतो. नुसत्या रबराचे बुश साबणाच्या पाण्याने आत सरकतात, इंजिन ऑइल लावू नका, रबर खराब होतं.

आता मुख्य गोष्ट. चाक हवेत असताना आर्म खाली लोंबतो, आणि त्या अवस्थेत बोल्ट आवळला तर रबराची मधली स्थिती तिथेच ठरते. गाडी खाली उतरवली की बुश पिळलेल्या ओल्या टॉवेलसारखा कायम ताणात राहतो, उभ्या गाडीतसुद्धा, आणि वर प्रत्येक खड्डा आणखी पीळ घालतो. चांगल्यातला चांगला बुशही यात लवकर फाटतो आणि मग लोक पार्टच डुप्लिकेट म्हणतात. म्हणून सगळे बोल्ट आधी हाताने बसवायचे, चाकं लावायची, गाडी खाली घ्यायची, पुढून-मागून दोन-चार वेळा दाबून हलवायची आणि मगच फायनल आवळायचं, पाट्याचे आणि शॅकलचेसुद्धा. खाली हात जात नसेल तर चारही चाकं जाड फळ्यांवर चढवा, किंवा बॉल जॉइंटजवळ आर्मखाली जॅक देऊन बॉडी स्टँडवरून जेमतेम सुटेपर्यंत उचला, आर्म तेव्हा रस्त्यावर असतो तितकाच वर आलेला असतो.

पॉलीयुरेथेनचे बुशही मिळतात. ते टिकतात पण कडक असतात, वेगळं सिलिकॉन ग्रीस मागतात आणि हादरे आत पाठवतात. इंजिनवर बसून चालवायच्या या गाडीत आवाज आधीच भरपूर, त्यामुळे रोजच्या वापराला चांगल्या कंपनीचं साधं रबरच बरं.

काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्यावी लागते, आर्म काढून बसवल्यावर चाकांचा कोन थोडा बदलतोच. आणि १००-२०० किलोमीटर चालवून झालं की सगळ्या नटांवर एकदा पाना फिरवून बघायचा, तोही गाडी चाकांवर उभी असतानाच.