लाइन १०० एमबीपीएसची, तरी ब्रँचचं बिल सेव्ह होईना?

आमच्याकडं सगळ्यात जास्त येणारा फोन हाच, की अहो नेट चालू आहे, यूट्यूब मस्त पळतंय, पण ब्रँचला बिल टाकलं की नुसतं गोल फिरतंय, मोठा प्लॅन घेऊ का? थांबा जरा, पैसे घालवायची घाई नको.

सीझनला उसाच्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढं लागला की मागच्या मोटरसायकलवाल्याचं काय होतं ते सांगलीकरांना काय सांगायचं. बॅकअप, सीसीटीव्ही, मोबाइलचे फोटो ह्या ट्रॉल्या, आणि तुमची बिलाची एंट्री म्हणजे ती मोटरसायकल, दोन-चार केबीची पण मागं अडकलेली.

मार्केट यार्डातले एक कस्टमर, सर्व्हर यार्डात, गोडाऊन कुपवाडला, बेदाण्याची ब्रँच तासगावला, सॉफ्टवेअर एकच. रोज संध्याकाळी सहाला बोंब. आम्ही तिथंच पिंग लावून बसलो (म्हणजे सर्व्हरला हाक मारायची आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजायचं), दुपारी २० मिलिसेकंद, आणि सहा वाजले की ७०० च्या वर! कुणीतरी २० जीबीचा बॅकअप सहाला लावून ठेवलेला, अपलोड २० एमबीपीएस, म्हणजे सगळी लाइन त्यालाच दिली तरी सव्वादोन तास. तो रात्री ११ ला ढकलला, अर्धं काम तिथंच झालं (त्याचे काय पैसे घेणार).

उरलेलं काम क्यूओएसचं, म्हणजे कुणी आधी जायचं ते राउटरला सांगून ठेवायचं. आधी व्हॉइस कॉल, मग बिल आणि डेटाबेस, बॅकअप शेवटी. पॅकेटवर, म्हणजे डेटाच्या प्रत्येक छोट्या तुकड्यावर, ० ते ६३ मधला एक नंबर मारता येतो, त्याला डीएससीपी म्हणतात, व्हॉइसला शक्यतो ४६. पण सगळ्यांनाच व्हीआयपी करू नका, मग रांग परत तीच. आणि अपलोड २० चं असलं तरी आम्ही राउटरला १८ च सांगतो, कस्टमर म्हणतात आमचे दोन कुठं गेले, तर रांग आपल्या राउटरमध्ये लागली पाहिजे, ती कंपनीच्या मोडेममध्ये लागली तर तिथं आपलं कोण ऐकतंय. साध्या ब्रॉडबँडवर बाहेर पडल्यावर तो नंबर बहुतेक वेळा कुणी बघतही नाही, म्हणून प्रत्येक ब्रँचच्या राउटरला वेगळं सेटिंग करावं लागतं.

एक गोष्ट मात्र आमच्या हातात नाही. काही सॉफ्टवेअर एका बिलाला डेटाबेसला ६० वेळा विचारतात, पिंग ४० मिलिसेकंद असेल तर लाइन रिकामी असली तरी २.४ सेकंद गेलेच. ऑफिसच्या आत पिंग १ च्या आसपास, म्हणून तिथं कळत नाही. ते सॉफ्टवेअरवाल्यानंच दुरुस्त करायचं, किंवा ब्रँचनं रिमोट डेस्कटॉपवर, म्हणजे सर्व्हरकडच्याच कॉम्प्युटरची स्क्रीन ब्रँचला उघडून, काम करायचं, आमचा राउटर घेऊन उपयोग नाही.

फोन करण्याआधी एवढं करा, अडकत असतानाच ब्रँचवरून सर्व्हरला पिंग लावा, पाच मिनिटं चालू द्या, आणि वेळेसकट फोटो व्हॉट्सॲपला टाका. सकाळी सगळं नीट असताना काढलेला नको.