शिष्यवृत्तीवर आयकर का नाही: बोर्डिंगपासून फेलोशिपपर्यंत

1901 साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. खेड्यातून आलेल्या पोराचं शिक्षण नुसत्या फीपायी अडत नाही, शहरात राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण नसलं की ते सुटतं, हे राजर्षी शाहू महाराजांनी ओळखलं होतं. मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी वसतिगृहं होत गेली. शिष्यवृत्तीवरच्या कराची गोष्ट मी इथूनच सुरू करतो, कारण शिक्षणाचा खर्च म्हणजे नेमका कोणता, यावरच ती उभी आहे.

1961चा आयकर कायदा 1 एप्रिल 1962 रोजी लागू झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात इथे शिवाजी विद्यापीठ आलं. या कायद्याच्या कलम 10(16)मध्ये एवढंच म्हटलं होतं, की शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती करमुक्त. रकमेला मर्यादा नाही, पैसे सरकारनेच दिले पाहिजेत अशी अटही नाही. पण खोलीभाडं, मेस, पुस्तकं या खर्चात धरायची का, ते लिहिलेलं नव्हतं. पुढे एका खटल्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने फीबरोबर शिक्षणासाठी होणारा आनुषंगिक खर्चही त्यात धरला. तो निकाल वाचताना मला बोर्डिंगच आठवलं.

आज हा प्रश्न पीएचडी करणाऱ्यांना जास्त पडतो. जेआरएफचे (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, नव्या संशोधकांना मिळणारी) महिना 37,000 म्हणजे वर्षाला 4,44,000 रुपये. आकडा बघून पोरं धास्तावतात. संशोधनासाठी मिळणारी फेलोशिप सहसा याच सवलतीत बसते. मात्र एखाद्या प्रकल्पावर नेमणूक होऊन कामाचा मोबदला मिळत असेल, तर त्याला नाव काहीही असो, ते उत्पन्नच. म्हणून मंजुरीचं पत्र जपून ठेवा, पैसे कशासाठी दिले ते त्यातच असतं. करमुक्त रकमेतून टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला कर) कापला गेला असेल, तर रिटर्न भरून तो परत मागता येतो.

महाडीबीटीसाठी (राज्य सरकारचं शिष्यवृत्तीच्या अर्जांचं पोर्टल) तहसीलदारांकडून आणतो तो उत्पन्नाचा दाखला वेगळा. तो घरच्या उत्पन्नाचा, शिष्यवृत्तीला पात्र ठरण्यासाठी. करपात्रतेशी त्याची गल्लत नको.

1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या आयकर कायद्यातही ही सवलत ठेवली आहे. बचत खात्यात साठलेल्या शिष्यवृत्तीवरचं व्याज मात्र उत्पन्नात धरावं लागतं.