सुरतेचे सुतार आणि मुंबईची गोदी

मुंबईच्या नौदल गोदीचा इतिहास बहुतेकदा ईस्ट इंडिया कंपनीपासून सांगितला जातो. तो सुरू व्हायला हवा तापीच्या काठी. सतराव्या शतकात सुरत हे मुघलांचं सर्वात गजबजलेलं बंदर होतं. हजचे यात्रेकरू तिथूनच जहाजावर चढत, आणि तांबड्या समुद्राकडे जाणारी जहाजंही तिथले सुतार बांधत. त्यांची कामाची पद्धत पाहून युरोपीय प्रवासी चकित झाले. फळ्या नुसत्या एकमेकींना भिडवून ठोकत नसत. एकीच्या कडेला खाच पाडून दुसरी तीत बसवत. कडेला शेंदूर लावून फळी टेकवायची, रंग कुठे लागला नि कुठे नाही ते पाहायचं, नडणारा उंचवटा रंध्याने काढायचा आणि सांध्यात राळ-कापूस भरायचा. अशा सांध्यातून पाणी शिरणं कठीणच.

पुढे मुघल सत्ता खिळखिळी झाली, तापीही गाळाने भरू लागली. 1736 मध्ये कंपनीने लवजी नसरवानजी वाडिया या पारशी कारागिराला सुरतेहून मुंबईला आणलं. सोबत काही सुतारही आले, आणि हे कसब त्यांच्याबरोबरच आलं. मुंबईत भरती-ओहोटीतला फरक मोठा, त्यामुळे 1750 मध्ये इथे कोरडी गोदी, म्हणजे जहाज आत घेऊन पाणी बाहेर काढता येईल अशी गोदी, उभी राहू शकली.

लाकूड होतं सागवान, बरंचसं मलबारचं. युरोपात वापरत त्या ओकच्या लाकडातलं आम्ल लोखंडी खिळे खातं, तर सागातल्या तेलाने ते टिकतात. नेपोलियनशी लढताना ब्रिटनला ओक पुरेना, तेव्हा आरमाराची नजर मुंबईकडे वळली. वाडिया घराण्यातल्या जमशेटजी बमनजींच्या हाताखाली 1810 मध्ये ‘मिंडेन’ आणि 1813 मध्ये ‘कॉर्नवॉलिस’ या 74 तोफांच्या युद्धनौका पाण्यात उतरल्या. 1842 चा चीनसोबतचा नानकिंगचा तह, ज्याने हाँगकाँग ब्रिटिशांकडे गेलं, तो याच ‘कॉर्नवॉलिस’वर झाला.

मुंबईतच बांधलेल्या ‘त्रिंकोमाली’ या युद्धनौकेची हकिकत तर ऐकण्याजोगी. तिचे आराखडे घेऊन निघालेली ‘जावा’ ही नौका डिसेंबर 1812 मध्ये ब्राझीलजवळ अमेरिकनांनी नष्ट केली. आराखडे पुन्हा पाठवावे लागले. 1817 मध्ये तरंगलेली ही नौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे.

म्हणून ‘ब्रिटिशांनी जहाजबांधणी आणली’ हे वाक्य मला मान्य नाही. आराखडे तिकडचे होते. सांधा मात्र सुरतेचा. वाफेच्या काळात प्रवास उलटा झाला. 1838 मध्ये वाडियांच्या घरातले दोन तरुण जहाजबांधणी शिकायला इंग्लंडला गेले, तर वाफेच्या यंत्रात निष्णात झालेले त्याच घराण्यातले अर्देशीर कर्सेटजी 1841 मध्ये रॉयल सोसायटी या ब्रिटिश विज्ञानसंस्थेचे पहिले भारतीय फेलो झाले.