फ्रांकेनची सिल्वानर : जेवणाबरोबर घ्यायची कोरडी वाइन

जर्मन वाइन म्हणजे गोडच असणार, असे समजून आमचे अनेक ग्राहक सिल्वानरची ही चपटी, गोलसर बाटली हातात घेतात आणि पुन्हा फळीवर ठेवून देतात. म्हणून लेबलावरचा ‘ट्रॉकन’ हा एक शब्द आधी ओळखून ठेवावा, अशी आमची विनंती आहे. त्याचा अर्थ ‘कोरडी’. द्राक्षाचा रस आंबताना त्यातली जवळजवळ सगळी साखर संपली आहे, असे तो शब्द सांगतो. कायद्याप्रमाणे अशा वाइनमध्ये लिटरमागे ९ ग्रॅमपर्यंतच साखर चालते, तीही वाइनचा आंबटपणा त्या मानाने पुरेसा असेल तर. एरवी ही मर्यादा ४ ग्रॅमची आहे. ‘हाल्बट्रॉकन’, म्हणजे ‘अर्धकोरडी’, लिहिलेली बाटली मात्र जिभेला किंचित गोड लागेल.

सिल्वानर हा द्राक्षाचा वाण आहे. तो ऑस्ट्रियाकडून आला आणि १६५९ मध्ये फ्रांकेन या जर्मन प्रदेशातल्या कास्टेल येथे लावला गेल्याची नोंद आहे. बव्हेरिया राज्याच्या उत्तर भागातल्या या प्रदेशात, माइन नदीच्या वळणांवर, वुर्त्सबुर्ग शहराच्या आसपास शंखशिंपल्यांच्या चुनखडीची जमीन आहे, आणि तिथे हा वाण जसा उतरतो तसा इतरत्र क्वचितच उतरतो. बाटलीच्या आकाराला ‘बॉक्सबॉयटल’ म्हणतात. वुर्त्सबुर्गच्या उत्तम वाइनच्या नावावर भलताच माल खपू नये, म्हणून अठराव्या शतकात तिथल्या नगरसभेने हा आकार पुढे आणला.

या वाइनला रीसलिंग या दुसऱ्या जर्मन वाणाच्या वाइनसारखा दरवळ नाही आणि तेवढा धारदार आंबटपणाही नाही. हिरवे सफरचंद, नासपती, थोडासा ओल्या गवताचा वास आणि शेवटी पावसात भिजलेल्या दगडासारखी एक चव, इतकेच तिच्यात सापडते. नुसती चाखून पाहणाऱ्याला ती अबोल वाटते. पण ताटातल्या पदार्थाला ती मागे ढकलत नाही, आणि आमच्या मते हाच तिचा मोठा गुण आहे.

फ्रांकेनमध्ये वसंत ऋतूत तिची खरी जोडी जमते ती पांढऱ्या श्पार्गलशी. आपल्या शतावरीच्याच जातकुळीतली ही भाजी मातीच्या वरंब्याखाली, उन्हापासून लपवून वाढवतात, म्हणून ती पांढरी राहते, आणि २४ जूनला तिची काढणी परंपरेने थांबते. सोलून उकडलेले कोंब, वितळलेले लोणी, उकडलेले बटाटे आणि हॅमचे पातळ काप असे ते ताट असते. या भाजीच्या हलक्या कडवटपणापुढे लाकडी पिंपात मुरवलेल्या वाइन बहुधा कडसर लागतात. सिल्वानर मात्र लोण्याचा जडपणा कापते आणि भाजीची गोडी तशीच राहू देते.

दुसरी जोडी माइन नदीतल्या ‘मेफिशली’ या करंगळीएवढ्या माशांची. पिठात घोळवून कुरकुरीत तळलेले हे मासे हाताने, अख्खेच खातात. माशाने तीनदा पोहावे, पाण्यात, तेलात आणि वाइनमध्ये, असे तिथले लोक म्हणतात. आपल्याकडच्या ताज्या, रव्यात तळलेल्या मांदेलीबरोबर ही वाइन घेऊन पाहावी, असे आम्ही आग्रहाने सुचवतो. फक्त मसाला हळद, मीठ आणि लिंबापुरताच ठेवावा. तांबडा रस्सा किंवा ठेचा यांच्याबरोबर ती घेऊ नये. मिरचीचा दाह अल्कोहोलमुळे वाढतो आणि तो शमवायला हिच्यात साखर नाही. तशा जेवणाला हाल्बट्रॉकनच बरी.

वाइन ९ ते ११ अंश सेल्सिअसला घ्यावी. फ्रिजमधून काढल्यावर बाटली पंधरा मिनिटे बाहेर ठेवावी, कारण फार गार असताना तिचा वास दबून जातो. उघडलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवल्यास साधारण तीन दिवस चांगली राहते. तळाशी कधी काचेच्या चुऱ्यासारखे स्फटिक दिसतील. ते टार्टारिक आम्लाचे क्षार असून निरुपद्रवी आहेत. शेवटचा पेला हलक्या हाताने ओतला म्हणजे झाले.